बहिणाबाईंचे गणगोत

कोणी वडीलधारे माणूस निवर्तले म्हणजे त्याच्या मुलाबाळांनी, लेकीजावयांनी आणि स्नेह्यांनी मिळून एखादा स्मरणग्रंथ काढावा, ही चाल आपल्या सुशिक्षित घरांत आता चांगलीच रुळली आहे. असा ग्रंथ अभिप्रायासाठी हाती आला की परीक्षकाची मोठी कुचंबणा होते. लिहिणाराचे दुःख खरे असते, कागद उत्तम असतो, पहिल्या पानावरचे छायाचित्र पाहून आपलेही मन हळवे होते. परंतु पुस्तक मिटल्यावर गेलेले माणूस होते तरी कसे, हे काही केल्या सांगता येत नाही. आजोबा शिस्तीचे असतात, आजी प्रेमळ असते, आणि दोघांनी मिळून काडी-काडी जमवून संसार उभा केलेला असतो. एका घरची आजी उचलून दुसऱ्या घरच्या ग्रंथात बसविली तरी कोणाच्या ध्यानात येऊ नये, इतके हे साम्य! मरणाने माणसे सारखी होतात असे म्हणतात. पण आमचा अनुभव असा की, मरणाने होत नाहीत तेवढी ती स्मरणाने होतात.

आप्तांनी जतन केलेले, मृत्यूनंतर छापलेले, आणि तरीही या दोषापासून सर्वस्वी मुक्त असलेले एक पुस्तक मराठीत आहे. ते स्मरणग्रंथ म्हणून कोणी वाचीत नाही, आणि तसे न वाचल्यामुळेच त्यातील निम्मा अर्थ आपल्या हातून निसटतो, असे आमचे नम्र मत आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेले ‘बहिणाबाईंची गाणी’ हे ते पुस्तक होय.

त्याची जन्मकथा पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावाजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या घरात झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. लिहितावाचता त्यांना येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे हात चालत असता त्यांच्या तोंडून गाणी येत आणि येत तशी विरून जात. त्यांतली काही त्यांचे चिरंजीव, पुढे कवी म्हणून नावारूपास आलेले सोपानदेव चौधरी, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी वहीत टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली. अत्रे सोन्याची पारख करणारे गृहस्थ. त्यांनी ते सोने एका क्षणात ओळखले, आणि वर्षभराच्या आतच प्रस्तावनेसह पुस्तक महाराष्ट्रापुढे ठेवले. जन्मभर एक ओळही न लिहिलेली बाई मृत्यूनंतर एका वर्षात मराठीतील मोठी कवयित्री ठरली. अशी घटना कोणत्याही भाषेत वारंवार घडत नाही.

महाराष्ट्राने या पुस्तकाचे स्वागत कसे केले? मोठ्या प्रेमाने केले, यात शंका नाही. पण ते केले सुभाषितांची खाण म्हणून. मनाच्या चंचलपणावरचे गाणे, संसाराच्या चटक्यांवरचे गाणे, सुगरणीच्या खोप्याचे गाणे, ही शाळेतल्या पोरासोरांच्या तोंडी बसली; त्यांतल्या ओळी लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांवर आल्या, सभेच्या वक्त्यांनी समारोपासाठी वापरल्या. निरक्षर बाईला एवढे तत्त्वज्ञान कोठून आले, हे आश्चर्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्या आश्चर्याचाच आता कंटाळा यावा. या कौतुकात किंचित तुच्छता दडलेली आहे हे कौतुक करणारांच्या लक्षात येत नसावे. अक्षरओळख नसणे म्हणजे विचार नसणे, असे गृहीत धरल्याखेरीज हे आश्चर्य वाटणारच नाही. शिवाय सुभाषित हे कोणाचेही असू शकते. ते म्हणणाराच्या नावागावाशी त्याचे काही देणेघेणे नसते. बहिणाबाईंच्या गाण्यांचे खरे बळ मात्र नावागावात आहे.

‘माहेर’ हे गाणे काढून पाहावे. असोदे हे जळगावाहून काही कोसांवरचे गाव. दूरदेशीची वाट नव्हे, समुद्रापलीकडची ताटातूट नव्हे. तरीही माहेर ते माहेर. गाण्यात पहिल्याने दिसतो तो बाप. पण तो कसा दिसतो? त्याचे रूप, त्याची माया, त्याचे उपकार यांचे वर्णन बहिणाबाई करीत नाहीत. त्या आपल्याला बापाच्या बैठकीच्या दाराशी नेऊन उभे करतात. तेथे शेतकरी आणि शेटसावकार कामासाठी जमलेले असतात, आणि दाराबाहेर त्यांच्या वहाणांचा ढीग पडलेला असतो. बस्स. गावात महाजनांचे वजन किती होते हे सांगण्यासाठी एखाद्या सुशिक्षित स्मरणकाराला दोन पाने लागली असती आणि तरी ते आम्हांला पटले नसते. दारातल्या त्या वहाणा लहान मुलीच्या उंचीवरून पाहिलेल्या आहेत. मोठी माणसे बैठकीतल्या माणसांकडे पाहतात, मूल उंबऱ्याबाहेर काय आहे ते पाहते. पन्नाशी-साठी उलटलेल्या बाईने बापाची आठवण काढताना स्वतःची ती उंची हरवू दिली नाही, हे येथे मोलाचे आहे.

त्याच गाण्यात आई येते, आणि तिला नाव आहे : भीमाई. वडिलांचे नाव उखाजी. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. खानदेशातील एका शेतकरी घरच्या या साध्या माणसांची नावे आज शंभराहून अधिक वर्षांनी मुंबई-पुण्याच्या वाचकास सांगता येतात, त्याचे कारण हेच की त्यांच्या घरची एक लेक माहेर विसरली नाही. येथे आम्हांस एका तुलनेचा मोह आवरत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला आहे. माय, बाप, भाऊ, बहीण, मामा, मावशी, आत्या, अवघे गोत त्या ओव्यांत आहे, आणि गोडीला तर सुमार नाही. पण ओवीतला भाऊ हा कोणाही बहिणीचा भाऊ असतो. तो घोड्यावर बसून येतो, चोळी आणतो, रुसलेल्या बहिणीची समजूत घालतो. तो कधी चुकत नाही आणि कधी म्हातारा होत नाही. हजारो बायकांनी आपापल्या भावाला त्या एका साच्यात ओतले. त्यामुळे साचा अमर झाला, भाऊ मात्र निनावी राहिले. ओव्या म्हणणाऱ्याही निनावीच. बहिणाबाई त्याच जात्यावर बसलेल्या, त्याच छंदाच्या वळणाने गाणाऱ्या. तरी त्यांनी साच्यातल्या माणसाच्या जागी आपले माणूस नावानिशी आणून बसविले. लोकगीत आणि कविता यांच्यामधली सीमारेषा कोठे आहे असा वाद नेहमी घातला जातो. आम्हांस ती रेषा या नावांपाशी दिसते.

नावाने हाक मारण्याची ही रीत त्यांनी कोठून घेतली असेल, याचा विचार करताना आखाजीची आठवण होते. देशावर आणि कोकणात अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून पंचांगात असतो. कोणी त्या दिवशी सोने घेतो, कोणी नव्या कार्याचा आरंभ करतो. खानदेशात मात्र वैशाखातील ही तीज म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. जळगाव-धुळ्याकडच्या घरी त्या दिवशी दोन गोष्टी एकदमच चालतात. घरात गेलेल्या वाडवडिलांच्या नावाने पाण्याची घागर भरावयाची, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या ठेवावयाच्या, त्यांना घास द्यावयाचा. आणि घराबाहेर, लिंबाच्या नाहीतर वडाच्या फांदीला झोका बांधून सासरहून आलेल्या लेकींनी गाणी म्हणत तो आभाळाला लावावयाचा. एका ओसरीत गेलेल्यांचे पाणी, आणि चार पावलांवर आलेल्यांचा झोका! शेतगड्यांची, म्हणजे सालदारांची, वर्षाची बोली याच दिवशी व्हावयाची. म्हणजे जुने वर्ष फिटून नवे लागावयाचे तेही याच दिवशी. गेलेल्यांची आठवण ही तेथे एकांतात बसून डोळे टिपण्याची गोष्ट नाही. उन्हाळ्यात सगळे गोत एकत्र जमते तेव्हाच ती करावयाची असते. आणि ज्यांच्यासाठी घागर भरली त्यांची चांगली-वाईट आठवण जेवताना निघते, झोक्यावर निघते, परतीच्या बैलगाडीतही निघते.

बहिणाबाईंचे ‘आखजी’ हे गाणे वाचणारा पुण्याचा रसिक झोक्यावर आणि माहेरवाशिणींच्या खेळावर लुब्ध होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ओसरीतली ती घागर डोळ्यांपुढे नसेल, तर या गाण्यातला हर्ष त्याला नुसता हर्ष वाटेल. खानदेशी वाचकाला तो तसा वाटत नाही. ज्या घरी झोका बांधला जातो त्या घरी कोणाच्या नावाने घागर भरली गेली आहे, हे त्याला न सांगता कळते.

आता जरा अवघड प्रांतात शिरू. वैधव्यावरची जी गाणी या पुस्तकात आहेत ती वाचून बहुतेकांचे डोळे पाणावतात, आमचेही पाणावले. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट मनात राहते ती अशी की, गेलेल्या नवऱ्याचे गुणवर्णन येथे जवळजवळ नाहीच. कुंकू पुसले गेले, बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र तुटले. आणि प्रत्येक वेळी बाई पाहते ती एकच गोष्ट, की त्या दागिन्याखाली आपले असे काय उरले आहे. कपाळाला, मनगटाला, गळ्याला हात लावून लावून ती आपली शिल्लक मोजते. एखाद्यास हे कोरडेपणाचे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा; म्हणजे वडील गेले तेव्हा ते उणेपुरे तीन वर्षांचे असतील. एक मुलगी, दोन मुलगे, शेती, आणि भोवती मोठे एकत्र कुटुंब, अशा स्थितीत त्या तिशीतल्या बाईला मागे वळून चित्र रंगवीत बसण्याइतकी उसंत कोठून असणार? ज्योतिष्याने दाराशी येऊ नये, हात पाहू नये, असे बजावणारे जे गाणे आहे, त्यातला करारीपणा हाच तिचा शोक आहे. ‘पिलोक’ म्हणजे प्लेग. त्या साथीत गाव ओस पडले, माणसे खळ्यामळ्यांत राहावयास गेली, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भेटी तेथे रानात होऊ लागल्या, याचेही गाणे त्यांनी केले. त्याच रोगाने त्यांचा थोरला मुलगा ओंकार कायमचा अपंग झाला, हे ज्याला माहीत आहे त्याने ते गाणे पुन्हा एकदा वाचावे. त्यात आक्रोश नाही. गाव कसे उठले आणि कोठे जाऊन बसले, याची ती नोंद आहे.

माहेरावरच आणखी एक गाणे आहे. त्यात वाटेवरचा योगी सासुरवाशिणीस विचारतो की, सारखे माहेराचेच गोडवे गातेस, तर मग तेथून आलीस कशाला? त्यावर ती जे उत्तर देते ते फार खोल आहे. माहेर ही काही आपोआप उभी असलेली वास्तू नव्हे. कोणीतरी एक बाई आपल्या सासरी पाय रोवून राहते तेव्हा कुठे तिच्या लेकीला जावयास माहेर होते. म्हणजे माहेराची साखळी आईकडून लेकीकडे आणि तिच्याकडून तिच्या लेकीकडे जाते, आणि दर पिढीला घर, गाव, आडनाव बदलते. कोणत्याही वंशावळीत ही साखळी सापडावयाची नाही, कारण वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. बहिणाबाईंची गाणी ज्या दोन हातांनी लिहिली त्यांतला एक हात मुलाचा होता. दुसरा बहिणीच्या मुलाचा. मावसभाऊ हे नातेच असे आहे की ते दोन बायकांवरून जाते, आणि म्हणून घराण्याच्या कागदात त्याला घर नसते.

कागदाचा विषय निघाला म्हणून धुळ्याकडे वळणे भाग आहे. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे हे एकाच खानदेश जिल्ह्याचे भाग होते. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच देह ठेवला. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि बुरसटलेल्या पेट्यांतून दप्तरे मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले, आणि त्यांच्या पश्चात १९२७ साली धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो संग्रह सांभाळला. महाराष्ट्रावर हे ऋण मोठे आहे. ते कमी लेखण्याचा आमचा हेतू स्वप्नातही नाही. परंतु त्या दप्तरांत काय असावयाचे? सनदा, निवाडे, हिशेब, महजर, वंशावळी. जे लिहिले गेले तेच तेथे पोचणार, आणि लिहिले जाई ते वतनासाठी व वादासाठी. जात्यावरची बाई ना वतनदार, ना वादी. राजवाड्यांसारखा साक्षेपी संशोधक जरी असोद्याच्या महाजनांच्या दारी गेला असता, तरी उखाजींच्या नावाचा एखादा कागद घेऊन परतला असता. भीमाई त्याला मिळाली नसती.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी सहबंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती बसल्या बैठकीस उतरवून घेतली. ‘गीताप्रवचने’ आज जी आपल्या हाती आहेत ती त्यामुळे. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने प्रेमाने टिपून घ्यावे, या योगाने मराठीचे किती भले झाले आहे! विनोबांना गुरुजी भेटले. बहिणाबाईंना घरचाच मुलगा भेटला. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट सोपानदेव घरी मोठ्याने वाचीत होते, ती आईने ऐकली, आणि दुसरे दिवशी सकाळी तिचे गाणे तयार होते, अशी हकीकत सांगतात. मुलाने चकित होऊन ते लिहून घेतले, आणि तेथून वहीला आरंभ झाला. या हकीकतीत आम्हांस जो भाग रुचतो तो असा, की शाळेत मुलगा जात होता आणि शिकत मात्र दोघे होती.

साने गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’ आठवणारच. गुरुजी मूळचे कोकणातले, पण १९२४ पासून काही वर्षे ते जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला शिक्षक होते. आई १९१७ साली गेली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी तिच्या आठवणी बेचाळीस रात्रींच्या कथनाच्या रूपाने लिहिल्या, आणि १९३५ साली ते पुस्तक निघाले. योग असा की, ज्या अत्र्यांनी १९५२ साली बहिणाबाईंस प्रकाशात आणले, त्यांनीच १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, आणि त्या बोलपटास पुढल्या वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन वर्षांत दोन आया एकाच माणसाने महाराष्ट्राच्या घरोघरी पोचविल्या. या दोन पुस्तकांची तुलना आजवर व्हावी तशी झालेली नाही. एकात मुलगा बोलतो आणि आई ऐकू येते ती त्याच्या कंठातून. त्याच्या पश्चात्तापाने ती उजळून निघते, थोडी देवतेसारखीही होते. दुसऱ्यात मुलगा गप्प बसला आहे. आईच बोलते; ती रागावते, थट्टा करते, चूल पेटेना म्हणून चुलीवर चिडते, कधी सासरच्या, कधी गावच्या माणसांचे उणे काढते. पहिल्या पुस्तकाने मराठी माणसाला रडविले, आणि ते रडणे खोटे नव्हते. तरीसुद्धा गेलेल्या माणसाचे स्वभावचित्र म्हणून आम्ही दुसऱ्याला अधिक मानतो. शोक करणारा जितका मागे सरेल तितके गेलेले माणूस पुढे येते.

आणि सोपानदेव किती मागे सरले हे पाहावयाचे असेल तर भाषेकडे पाहावे. ते स्वतः कवी होते. ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह. त्यांची स्वतःची कविता त्या पिढीच्या रीतीप्रमाणे संस्कारित, ग्रंथिक मराठीत आहे. आईची गाणी त्यांनी त्या मराठीत बसविली असती तर त्या काळी कोणी नावे ठेवली नसती. उलट संपादकाने चांगली साफसफाई केली म्हणून वाहवाच झाली असती. ‘ळ’ च्या जागी ‘य’ येणारी, तुळसेला तुयसा म्हणणारी ती बोली त्यांनी आहे तशी राहू दिली. कवी म्हणून त्यांनी केलेले हे सर्वांत मोठे काम, असे आम्ही म्हणू, आणि त्यात त्यांचा उपमर्द होत नाही अशी आमची समजूत आहे. गाताना गाणे दर खेपेस थोडे बदलते. वहीत मात्र त्याची एकच खेप उतरते, आणि ती कोणती उतरावी हे लिहिणाराच्या कानावर असते. तेवढा सोपानदेवांचा आणि पितांबररावांचा हात या गाण्यांत आहेच. तो नाकबूल करण्याचे कारण नाही.

ओघात एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही गाणी अहिराणीत आहेत असे सर्रास म्हटले जाते. तसे नाही. अहिराणीचे माहेर धुळ्याकडे. ती ‘मना भाऊ’ म्हणते. बहिणाबाईंच्या तोंडी ‘माझा’ आहे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा समाजाची ही बोली, शेजारच्या वऱ्हाडीशी सलगी असलेली. एका खानदेशात दोन बोली नांदतात, आणि दोन्हींकडे आखाजीला घागर भरली जाते. बाहेरचा माणूस दोहोंना एकच नाव देतो, तेव्हा धुळ्याचा अहिराणीभाषी आणि जळगावचा लेवा दोघेही सौजन्याने गप्प बसतात. पण समीक्षकाने तरी एवढा आळस करू नये.

गणगोत हा शब्द आम्ही वर रक्ताच्या अर्थाने वापरला, तो तेवढाच नाही याला याच मुलखातला पुरावा आहे. बालकवी ठोमरे धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी ही पदवी मिळाली, आणि १९१८ साली जळगावनजीक भादली स्टेशनात, वयाची अठ्ठाविशी पुरी होण्याआधीच, रुळांवर त्यांचा अंत झाला. त्यांची जी जिवंत मूर्ती आज आपल्यापुढे आहे ती लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त रेखाटलेली. रेव्हरंड टिळकांच्या घरात ठोमरे घरच्या पोरासारखे राहिले होते, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर कवी म्हणून नव्हे, तर घरातले हट्टी, लाडके, कधी डोक्याला ताप देणारे पोर म्हणून लिहिले. निधनलेखांतले बालकवी धूसर झाले, त्या घरातले ठोमरे राहिले. लक्ष्मीबाईही शाळेत शिकलेल्या नव्हत्या, हे येथे नमूद करून ठेवावेसे वाटते.

बहिणाबाईंचा मान आज मोठा आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील मुले आता त्यांच्या नावाची पदवी घेऊन बाहेर पडतात. छापलेल्या कागदाच्या शहाणपणाची थट्टा करणारे गाणे ज्या बाईने केले, तिचे नाव पदवीपत्रावर छापले जावे, यावर तिने आणखी एक गाणे केले असते. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, आणि लोक त्या आवडीने पाहून येतात. परंतु त्या वस्तूंवरून हात फिरत असता जी गाणी निघाली त्यांतली बहुतेक गेली. घरात कोणी लिहिते माणूस जवळ नव्हते, किंवा होते ते कामात होते. उरली ती एका लहानशा पुस्तकात मावतात.

मुलाचे नाव आईबरोबर घेतले जाते, अत्र्यांचे नाव तर कोणी विसरूच देत नाही. मावशीची गाणी ऐकता ऐकता कागद पुढे ओढणाऱ्या पितांबर चौधरींचे नाव मात्र चरित्राच्या एखाद्या ओळीत येऊन जाते, आणि वाचणारा पुढे सरकतो.